हफ्तसीनवरचं सिनिगांग

शारजाच्या एका शाळेत केजी टूला शिकवणाऱ्या मराठी शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वर्गात साडेपाच वर्षांचा मुलगा आहे. वडील इराणी, आई फिलिपिनो. बोलतो कमी. बोलला तर तीन भाषांची खिचडी. इंग्रजीत बाईंना ‘ही’ (he) म्हणतो आणि स्वतःच्या बाबांना ‘शी’ (she). विचारलेल्याला कधी कधी उत्तरच देत नाही, नुसता बघत राहतो. घरात दोन भाषा, दोन धर्म आणि दोन देश असल्याने मूल गोंधळलंय का? पालकांना ‘घरी फक्त इंग्रजी बोला’ असं सांगू का? आणि अशा घरात वाढणं म्हणजे नेमकं काय असतं?

उत्तर:

आधी मधल्या प्रश्नाचं, कारण पालकसभा जवळ आली असेल. ‘फक्त इंग्रजी बोला’ हे कृपा करून सांगू नका. मी ते एकदा सांगितलंय. दुबईत स्पीच थेरपिस्ट म्हणून काम सुरू केलं त्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट, त्याचं काय झालं ते पुढे लिहिते. दुसरं म्हणजे, भाषेबद्दल काहीही ठरवण्याआधी त्याच्या कानांची तपासणी झाली आहे का ते विचारा. सर्दीने कानात पाणी साठून महिनोन्‌महिने कमी ऐकू येणारी मुलं मी इतकी पाहिली आहेत की हा प्रश्न माझ्या तोंडून ‘या, बसा’च्या आधी निघतो.

आता ‘ही’ आणि ‘शी’. फारसीत तृतीय पुरुषाला एकच शब्द आहे, ‘ऊ’, बोलताना ‘ऊन’. तो, ती, दोन्ही त्यातच. फिलिपिन्समधल्या तगालोग भाषेतही एकच, ‘सिया’. म्हणजे वडिलांच्या भाषेत तो-ती हा भेद नाही आणि आईच्याही भाषेत नाही. आपल्याला हे चटकन कळत नाही, कारण मराठीत टेबलसुद्धा ‘ते’ असतं आणि खुर्ची ‘ती’. आपलं पोर दोन वर्षांचं होईतो ‘आला’ आणि ‘आली’ यांतला फरक कानावरून जाऊन जाऊन पक्का झालेला असतो. या मुलाने तो फरक घरात ऐकलेलाच नाही. आईबाप एकमेकांशी इंग्रजी बोलतात, आणि दोघंही इंग्रजी बोलताना ‘ही’ नि ‘शी’ची अदलाबदल करतात. सासूबद्दल ‘ही इज कमिंग टुमॉरो’ म्हणणारी फिलिपिनो सून आणि मुलीबद्दल तेच म्हणणारा इराणी बाप तुम्हाला दुबईच्या कुठल्याही दवाखान्याच्या रांगेत भेटेल. मुलगा जे ऐकतो तेच बोलतो, आणि अगदी अचूक बोलतो. तेव्हा हे त्याच्या चुकांच्या यादीतून काढून टाका. ऐकत ऐकत सुधारेल.

तो ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणत असेल तर त्याचंही तसंच. फारसी माणसाला शब्दाच्या सुरुवातीला दोन व्यंजनं जोडून म्हणणं जड जातं, म्हणून तो आधी ‘ए’ लावतो: एस्कूल, एस्पोर्ट. फिलिपिनोत तर ‘इस्कुल’ असा शब्दच रूढ आहे. (आपल्याकडे इस्टो, इस्कूटर आणि इस्टेशन म्हणणाऱ्यांची काही कमी नाही, त्यामुळे आपण हसू नये.) बापाचा ‘डब्ल्यू’ ‘व्ही’ होतो, आईचा ‘व्ही’ ‘ब’ होतो. मग ‘व्हेरी’ आईकडून ‘बेरी’ म्हणून येतं आणि ‘विंडो’ बापाकडून दात ओठावर टेकून येतं. मुलाच्या कानावर एकाच शब्दाची तीन-तीन रूपं पडत असतात. तो थांबतो तो बुद्धी कमी म्हणून नव्हे. कोणतं रूप उचलायचं ते ठरवत असतो.

माझी चूक नेमकी इथेच होती. या घरातली सगळ्यात कच्ची भाषा इंग्रजी असते आणि आपण तीच मुलाला पाजायला सांगतो. आईची उत्तम भाषा तगालोग, बापाची फारसी. त्या भाषांत त्यांना रागवता येतं, लाड करता येतात, थट्टा करता येते, ‘परवा नाही, त्याच्या आदल्या दिवशी’ हे सांगता येतं. इंग्रजीत येतं ते ‘ईट’, ‘कम’, ‘डोन्ट डू’. एवढ्या तुटपुंज्या शिध्यावर मुलाची भाषा कशी बाळसं धरेल?

उत्तर न देता नुसता बघत राहतो, असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या वेळी त्याच्या भुवया बघा. हे मी गमतीने म्हणत नाही. फिलिपिनो माणूस ‘हो’ म्हणायला नुसत्या भुवया वर उडवतो, तोंडातून शब्द काढत नाही. एखादी वस्तू कुठे आहे हे दाखवायला बोट न करता ओठांचा चंबू त्या दिशेला वळवतो. इराणी माणूसही भुवया उडवतो, डोकं किंचित मागे टाकतो, जिभेने ‘नॉच’ असा बारीक आवाज करतो, आणि त्याचा अर्थ ‘नाही’. एकाच घरात एकच हालचाल, आईकडे होकार आणि बापाकडे नकार. माझ्या खोलीत चार वर्षांचा एक मुलगा होता. ‘पाणी हवं?’ विचारलं की भुवया उडवायचा. मी पाणी द्यायची, कधी प्यायचा, कधी ढकलायचा. तिसऱ्या दिवशी त्याची आई हसत म्हणाली, ‘मॅडम, डोक्याकडे बघा. मागे गेलं तर नको, नुसत्या भुवया तर हवं.’ पोराने दोन्ही पद्धती नीट वेगळ्या ठेवल्या होत्या, गोंधळ माझा झाला होता. आपल्या मराठी माणसांची मान डोलावणं बघून गोऱ्या बाईंचं जे होतं तेच.

आणखी एक, कारण यावरून चुकीचे शिक्के बसलेले मी पाहिले आहेत. इराणी वडील मुलाला लाडाने ‘बाबा’ हाक मारतात: ‘बिया, बाबा’, ये रे बाबा. इराणी आई मुलाला ‘मामान’ म्हणते. हाक मारणारा आपलंच नातं समोरच्याला लावतो. आपणही वैतागलो की लेकीला ‘अगं माझे आई, जेव आता’ म्हणतो, त्यातलाच प्रकार, पण तिकडे रोजचा आणि प्रेमाचा. मग तीन वर्षांच्या मुलाला ‘बाबा कुठाय?’ विचारलं आणि त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, तर तपासणारा ‘मी-तूची उलटापालट’ असं टिपून घेतो. ती स्वमग्नतेच्या संदर्भात आम्ही मुद्दाम बघतो ती खूण आहे. एका मुलीच्या अहवालात ते तसं लिहिलेलं मी वाचलंय. घरी कशी हाक मारतात हे कोणी विचारलंच नव्हतं.

नात्यांची नावं म्हणाल तर मराठी माणसाला या घरात शिरणं सगळ्यात सोपं. फारसीत अम्मे म्हणजे आत्या, अमू काका, खाले मावशी, दाई मामा. इंग्रजीने अंकल-आंटीचं जे एकच गाठोडं केलंय ते तिथे नाही. तगालोगमध्ये मात्र सगळे तितो आणि तिता. पण तिथे वयाचा मान आहे: थोरला भाऊ कुया, थोरली बहीण आते. कुयाला नुसत्या नावाने हाक मारली तर लोला, म्हणजे आजी, टोकते. फारसीत तेवढं बंधन नाही. दादा-ताई आणि आत्या-मावशी दोन्ही एकाच भाषेत असणारे आपण, म्हणून तुम्ही त्याला विचाराल तर योग्य प्रश्न विचाराल. ‘तुझे अंकल’ म्हणू नका, ‘बाबांचा भाऊ की आईचा?’ असं विचारा. बघा कसा बोलायला लागतो. (तसंच ‘गुरो’ म्हणजे शिक्षक, ‘मुखा’ म्हणजे चेहरा, ‘आसा’ म्हणजे आशा हे तगालोग, आणि पनीर, दरवाजा, आवाज, जमीन हे फारसी. तुम्ही वर्गात मराठी वळणाचा एखादा शब्द उच्चारला तरी त्याला त्यात कुणीतरी ओळखीचं सापडेल.)

वाढदिवसाचा केक हा तुमच्या वर्गात हमखास होणारा घोटाळा. तुम्ही तुकडा पुढे कराल, तो ‘नो’ म्हणेल, तुम्ही पुढच्या मुलाकडे जाल आणि तो रडेल. इराणी घरात तआरोफ नावाची रीत आहे. देणाऱ्याने आग्रह करायचा, घेणाऱ्याने एकदा-दोनदा नको म्हणायचं, मग घ्यायचं. दुकानदारसुद्धा पैसे घेताना ‘त्याची काय गरज’ या अर्थाचं काहीतरी पुटपुटतो, आणि ते खरं मानून चालू लागलात तर पंचाईत. फिलिपिनो घरात जेवणाऱ्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘काइन तायो’, चला जेवू या, म्हणायचं असतं आणि समोरच्याने बहुतेक वेळा ‘झालं माझं’ म्हणायचं असतं. हे पोर दोन्हीकडून ‘पहिल्यांदा नको म्हण’ हेच शिकलंय. आपणही शेजारच्या काकूंनी लाडू पुढे केला की आधी आईकडे बघायचो, तिने डोळ्याने हो म्हटल्याशिवाय हात पुढे जात नसे. तीनदा विचारा.

आता ही घरं आली कुठून. इराणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बनमस्का आणि संगमरवरी टेबल येतं. ते लोक वेगळे, त्यांची हकिकत जुनी. इराणी-फिलिपिनो घरांची पहिली मोठी लाट 1970च्या दशकातली. शहाच्या राजवटीत तेलाचा पैसा होता, विद्यापीठांत जागा पुरत नव्हत्या, आणि फिलिपिन्समध्ये इंग्रजीतून स्वस्तात शिकता येत होतं. मनिला, बागियो, सेबू इथे इराणी तरुण आले. आपल्या पुण्यातही त्याच सुमाराला इराणी मुलं शिकत होती, ज्येष्ठ पुणेकरांना आठवत असतील. मग 1979ची क्रांती झाली, 1980पासून आठ वर्षं इराकशी युद्ध चाललं. कित्येक जण अडकले, काही तिथेच रमले, तिथल्या मुलींशी लग्नं झाली. काही जोडपी मागाहून इराणला गेली. आजही इराणमध्ये राहणारे फिलिपिनो संख्येने थोडे, आणि त्यांत बऱ्याचशा इराणी नवऱ्यांच्या बायका आहेत.

दुसरी जागा म्हणजे आपलीच, आखात. दुबईत बस्तक गावाहून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसवलेली बस्तकिया वस्ती तुम्ही मुलांना सहलीला दाखवली असेल. इराणी इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. फिलिपिनो परिचारिका, विक्रेत्या, हिशेबनीस म्हणून आल्या आणि आज दुबईच्या सतवा वस्तीपासून करामा वस्तीपर्यंत त्यांचीच वर्दळ. दोघं एकाच कचेरीत भेटतात. काही वर्षांपूर्वीपर्यंत दुबईचा व्हिसा संपला की नवा येईपर्यंत जवळच्या इराणी बेटावर, किशला, जाऊन थांबायची पद्धत होती. शेकडो फिलिपिनो तिथल्या स्वस्त हॉटेलांत आठवडेच्या आठवडे काढायचे. एका आईने मला सांगितलं, ‘मी डोक्यावर रुमाल बांधायला किशमध्ये शिकले, इराणी नवरा मिळायच्या चार वर्षं आधी.’

स्वयंपाकघराबद्दल लिहिल्याशिवाय हे घर समजणार नाही. अशा एका घरी मी ओट्यावर भाताचे दोन कुकर शेजारी शेजारी पाहिले. आधी वाटलं एक बिघडलेला असेल. तसं नव्हतं. फिलिपिनो कुकर भात मऊ, एकसारखा शिजवतो आणि तळाला लागायच्या आत आपोआप बंद होतो. इराणी कुकर मुद्दाम भात तळाला लागू देतो, त्याला वेळेची कळ असते, कारण तळाचा सोनेरी, कुरकुरीत थर, तहदीग, हीच तर मेजवानी. तेल, केशर, कधी खाली बटाट्याच्या चकत्या नाही तर लवाश रोटी. भांडं ताटात उपडं करायचं आणि अख्खा थर निघाला तर सुनेची वाहवा. पाहुण्याला आधी तहदीग. तगालोगमध्ये त्याच थराला तुतोंग म्हणतात आणि तो लागला म्हणजे स्वयंपाक करणारीचं लक्ष नव्हतं. आपली खरवड या दोन्हींच्या मधे कुठेतरी: पाहुण्याला देणार नाही, पण मुलं त्यावरून भांडतात. त्या घरच्या बाईने नवऱ्याकडे बोट न करता ओठ वळवले आणि म्हणाली, ‘माझ्या आईने ज्यासाठी मला मारलं, त्यासाठी त्याच्या आईने मला बांगडी दिली.’ तिची सात वर्षांची मुलगी दोन्ही कुकरांतला भात एकाच ताटात घेऊन बसली होती. मधे आमटीसारखं चिंचेचं आंबट सार, सिनिगांग. आंबटाच्या बाबतीत दोन्ही देश सारखेच वेडे आहेत. इराणमध्ये सुमाकची आंबट भुकटी, वाळवलेलं लिंबू, मीठ लावून खायची हिरवी आलुबुखारं. फिलिपिन्समध्ये चिंच, बिलिंबी आणि कैरी. त्या घरात आंबट कशावरूनही भांडण झालेलं मी ऐकलं नाही.

तिथलाच नवरोजचा किस्सा. 20 किंवा 21 मार्चला इराणी नववर्ष. टेबलावर हफ्तसीन मांडतात, ‘सीन’ या अक्षराने सुरू होणाऱ्या सात वस्तू: सब्जे म्हणजे उगवलेले गव्हाचे कोंब, समनू ही गव्हाची खीर, सीर लसूण, सीब सफरचंद, सेर्के व्हिनेगर, सुमाक, सेंजेद नावाचं सुकं फळ. त्या वर्षी सेंजेद कुठे मिळालं नव्हतं. टेबल मांडून झालं, वडिलांनी मोजलं तर सात भरले. सातवं काय, तर सिनिगांगच्या मसाल्याचं पाकीट, आरशाला टेकवून उभं केलेलं. मुलगी म्हणाली, ‘सीनच आहे ना?’ इस्फहानच्या आजीला व्हिडिओवर ते दाखवलं. आजी खूप वेळ हसली आणि मग विचारलं, याची चव कशी असते. तेव्हापासून त्या घरात सेंजेद मिळालं तरी पाकीट ठेवतात.

सगळीकडे असं हसण्यावारी जात नाही. डिसेंबर बघा. फिलिपिनो कॅथलिकांची सिम्बांग गाबी, नाताळाआधीच्या नऊ दिवसांची प्रार्थना, 16 ते 24 डिसेंबर. तिकडे पहाटे, इथे आखातात बहुधा संध्याकाळी. आणि बरोबर मध्यावर 20 किंवा 21 तारखेला इराणी यल्दा, वर्षातली सगळ्यात लांब रात्र, डाळिंब-कलिंगड खात, फारसी कवी हाफिजच्या काव्यातून कौल काढत जागवायची. नऊ संध्याकाळी सलग गेलं तर मनातलं मागणं पुरं होतं अशी श्रद्धा आहे. मधलीच एक बुडाली तर? एका आईने मला शांतपणे सांगितलं, ‘लग्नानंतर माझ्या कधी नऊ झाल्याच नाहीत, आठच होतात.’

धर्माबद्दल जपून लिहिते. मुसलमान पुरुषाशी लग्न इराणमध्ये नोंदवायचं तर बिगरमुसलमान बायकोला सहसा धर्म बदलावा लागतो. काही जणी मनापासून बदलतात, काही जणींचा बदल फाइलीत राहतो आणि गळ्यातला क्रूस कपड्यांच्या कप्प्यात. काही घरांत बाप स्वतः मुलांना चर्चच्या दारापर्यंत सोडतो. यातलं तुमच्या विद्यार्थ्याचं घर कोणतं हे तुम्हाला माहीत नाही, म्हणून वर्गासमोर ‘तू ईद करतोस की ख्रिसमस?’ हे विचारायचं नाही. नाताळच्या चित्रात त्याने तारा काढला तर तारा छान आहे म्हणायचं. तो पारोल, फिलिपिनो आकाशकंदील, असू शकतो. आपल्याला कंदील कळतो.

कागदांचं ओझं मात्र या मुलांवर खरंच असतं, आणि ते दिसत नाही. फिलिपिन्सच्या 1987च्या घटनेनुसार आई किंवा बाप कोणीही फिलिपिनो असेल तर मूल फिलिपिनो. इराणी कायद्यात बाप इराणी तर मूल इराणी. दोन्ही कागद मिळतात, पण इराण दुसरं नागरिकत्व मानत नाही. इराणच्या दृष्टीने तो फक्त इराणी, म्हणजे अठरा झाल्यावर लष्करी सेवेचा प्रश्न, आणि तोवर इराणी पासपोर्टसाठी वडिलांची परवानगी. नावाचं आणखी वेगळं. फिलिपिनो रिवाजात मधलं नाव म्हणजे आईचं माहेरचं आडनाव. आपल्यासारखं बापाचं नाव मधे नाही. इराणी कागदांत मधलं नाव नसतंच. जन्मतारीखही तिकडे त्यांच्या सौर हिजरी पंचांगाची. तुमच्या हजेरीपटावर एक नाव, घरात लोलाने ठेवलेलं दुसरं, आणि दोन्ही पासपोर्टांवर नावाची स्पेलिंगं वेगळी असं असू शकतं. तुम्ही हाक मारल्यावर तो दचकून उशिरा ‘ओ’ देतो का ते बघा. घरी त्या नावाने कुणी हाक मारतच नसेल. मी वकील नाही, म्हणून यापुढे जात नाही.

मूळ मुद्दा आता. अशा घरांत मुलाची भाषा मागे पडलेली असते, असं आपण धरतो. माझ्या खोलीत दरवेळी दिसतं ते वेगळं: आईची भाषा गिळलेली असते. फॉर्मवर ‘घरची भाषा’ या रकान्यात बाप ठसठशीत ‘फारसी’ लिहितो. शनिवारी-रविवारी फारसीचे वर्ग असतात, कविता पाठ होतात, आजोबांना ऐकवल्या जातात. फारसीला दिमाख आहे. आई त्याच रकान्यात ‘इंग्लिश’ लिहिते. मी विचारते, ‘आणि तुमची?’ ती म्हणते, ‘तगालोग, पण त्याचा काय उपयोग.’ बिसाया किंवा इलोकानो बोलणारी असेल तर अजूनच खाली बघून ‘बिसाया लांग’, फक्त बिसाया आहे हो. मालवणी किंवा अहिराणी बोलणारी आपल्याकडची आई शाळेत येऊन ‘आमची भाषा अशुद्ध’ म्हणते, तोच सूर. म्हणून आईला ‘तगालोग का?’ असं विचारू नका. ‘तुमची आई तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलायची?’ असं विचारा. वडिलांनाही तेच. तेहरानचा पत्ता असला तरी घरात अझरी किंवा कुर्दी निघते.

माझी चूक सांगायची राहिली. तीन वर्षांची मुलगी होती, तुमच्या विद्यार्थ्यासारखीच, कमी बोलणारी. मी आईला सांगितलं, मुलीला गोंधळात टाकू नका, एकच भाषा ठेवा, इंग्रजी. तिने मनावर घेतलं. बाप ऐकणारा नव्हता, तो फारसीच बोलत राहिला. चौदा वर्षांनी तीच मुलगी, आता सतरा वर्षांची, धाकट्या भावाला घेऊन माझ्याकडे आली. इंग्रजी फाडफाड, फारसीही चांगली. बोलता बोलता म्हणाली की 2013च्या नोव्हेंबरमध्ये, फिलिपिन्समध्ये हैयान वादळ आलं तेव्हा, ती लहान होती. आई दोन दिवस तिथल्या लेयते बेटावर फोन लावत बसली होती. तिसऱ्या दिवशी फोन लागला आणि आई स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून तासभर बोलत, रडत होती. ‘माझी लोला जिवंत आहे की नाही हे मला आईच्या आवाजावरून ओळखावं लागलं. एक शब्द कळत नव्हता.’ तिने हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. सल्ला मी दिला होता हे तिला माहीतही नव्हतं. मी तिला सांगितलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, ‘भावाच्या बाबतीत तरी असं सांगू नका.’

आता तुम्ही काय करायचं. त्याचे शब्द मोजा, पण तिन्ही भाषांतले मिळून. ‘तुबिग’, ‘आब’ आणि ‘वॉटर’ तिन्ही येत असतील तर त्याला पाणी येतं. दोन वर्षांच्या सुमाराला सगळ्या भाषा मिळून पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडणं होतं का, हे आईला विचारून घ्या. होत होतं तर बराच जीव भांड्यात पडतो. खरी भाषेची अडचण सगळ्या भाषांत दिसते. इंग्रजीत गप्प पण आजीशी फोनवर भडाभडा बोलतो असं कळलं तर तो नव्या भाषेतला गप्प राहण्याचा काळ आहे. काही महिने चालतो, जबरदस्तीने लांबतो. उलट, आईच्या भाषेतही वाक्य जुळत नसेल, सूचना कळत नसतील, किंवा येत होतं तेही बोलायचं थांबला असेल, तर वाट बघू नका, त्याच आठवड्यात पाठवा. तपासणाऱ्याकडे त्या भाषांचा दुभाषा आहे का ते आधी विचारा. आई दुभाषी चालेल, पण ती लाजून मुलाची चूक झाकते, हे लक्षात ठेवा.

तोंडी खिचडीची काळजी करू नका. ‘मामान, आयोको नांग यख’, म्हणजे आई, मला बर्फ नको, असं त्याने म्हटलं तर त्यात नको म्हणणं तगालोगचं आहे, बर्फ (यख) आणि हाक फारसीची, आणि व्याकरण बिघडलेलं नाही. आपलं ‘मी त्याला कॉल करून कन्फर्म करते’ ऐकून कोणी आपल्याला डॉक्टरकडे पाठवत नाही.

वर्गात त्याला दाखवायला कुणी हवं असेल तर मिसाग बहादोरान हे नाव ध्यानात ठेवा. वडील इराणी, आई फिलिपिनो, फिलिपिन्सच्या राष्ट्रीय फुटबॉल संघात आघाडीला खेळायचा. 11 जून 2015ला विश्वचषक पात्रता सामन्यात बहरीनविरुद्ध पहिला गोल त्याचा, सामना 2-1ने जिंकला. साडेपाच वर्षांच्या मुलाला घटना-कायदे सांगण्यापेक्षा तो गोल दाखवलेला बरा.

आणि पालकसभेला वडील बोलत असतील तेव्हा आईकडे बघून विचारा. ती इंग्रजीत उत्तर देईल, तरी. तिला सांगा की आंघोळ घालताना, केस विंचरताना, रागवताना तिच्या आईच्या भाषेत बोलायचं, दिवसातून तेवढंच पुरे, भाषांतर न करता. वडिलांनी त्यावर तोंड वाकडं केलं तर हे स्पीच थेरपिस्टने सांगितलंय म्हणा, माझं नाव घातलंत तरी चालेल. फिलिपिन्स आपल्या चार तास पुढे आहे. शाळा सुटून मुलगा घरी येतो, जेवतो, चारच्या सुमाराला तिकडे रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि लोलाची भांडी घासून झालेली असतात. फोन मुलाच्या हातात द्यायचा आणि आईने खोलीबाहेर जायचं.